डावं वळण मिळेपर्यंत

"सरळ जा. डावं वळण मी सांगेपर्यंत घ्यायचं नाही," टॉवरमधून विमानांना वाट देणाऱ्या सोनटक्क्यांचा आवाज आला.

धावपट्टीच्या तोंडाशी मी विमानात एकटी बसले होते. दोन माणसांपुरतं लहानसं सेसना. उजवीकडची फडतरे सरांची जागा रिकामी, तिचे पट्टे नुसतेच करकचून बांधलेले. जानेवारीतली स्वच्छ सकाळ होती, संक्रांत होऊन गेली होती, हवेत अजून गारठा होता. सोनटक्क्यांनी जगातलं दुसरं काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं. नेमकं हेच वाक्य नको होतं. याच वाक्यावर मी आधी दोनदा चुकले होते, आणि सरांनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं होतं की, "धिवरे, तिसऱ्यांदा वळलीस तर तुझं नाव मी स्वतःच्या हातानं कमी करणार."

सर साताऱ्याकडचे, हवाई दलातून निवृत्त होऊन आमच्या फ्लाइंग स्कूलचे प्रमुख झालेले. बोलले की बोललेच. तेव्हा त्या सकाळी मी परत वळले असते तर संध्याकाळच्या गाडीनं वडिलांबरोबर, म्हणजे नानांबरोबर, घरी गेले असते आणि पुढं काय केलं असतं ते देव जाणे. पुढं मी जन्मभर विमानंच चालवली, तीनतीनशे माणसं मागे घेऊन समुद्र ओलांडले. पण कुणी विचारलं की सगळ्यात मोठं उड्डाण कुठलं, तर मी ते सातआठ मैलांचंच सांगते. लोकांना ती थट्टा वाटते. वाटू दे.

आधी हे वळणाचं प्रकरण सांगायला हवं. विमानतळाभोवती आभाळात एक चौकोनी वाट असते, तिला आम्ही सर्किट म्हणतो. उडायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे, असं करत करत फिरून खाली उतरायचं. शिकणारा सुरुवातीला महिनोन् महिने घाण्याच्या बैलासारखा तेवढंच करतो. त्यात भीती अशी नाही, कारण डाव्या खिडकीत आपला विमानतळ सारखा दिसत राहतो. खरी कसोटी त्या चौकोनातून बाहेर पडताना. जिथे टॉवर नसतो तिथे वैमानिक आपल्या जबाबदारीवर आजूबाजूला बघून निघतो. आमच्याकडे टॉवर होता, दिवसातून दोनदा मोठं प्रवासी विमानही यायचं. अशा ठिकाणी कुठे जायचंय ते आधी सांगायचं, आणि टॉवर म्हणेल तिथून, म्हणेल तेव्हा बाहेर पडायचं. मला उत्तरेच्या टेकड्यांकडे जायचं होतं, म्हणजे डावीकडे. आणि टॉवरनं "सरळ जा, मी सांगतो" म्हटलं, की मी थोडा वेळ सरळ जायची, आवाजाची वाट बघायची, आवाज येत नसे, मग माझा हात आपोआप डावीकडे जायचा आणि मी पुन्हा चौकोनात शिरायची. न विचारता. एकदा तर माझ्या मागून दुसरं विमान येत असताना.

दुसऱ्या वेळी सरांनी मला उभं करून विचारलं, "का वळलीस?" मी म्हटलं, माहीत नाही. आणि खरंच माहीत नव्हतं हो. घाबरट म्हणावं तर मी चांगली तोंडाळ, भांडखोर पोर. सरांशीही वाद घालायची. पण त्या शांततेत मला काय व्हायचं ते मलाच कळत नव्हतं. सर म्हणाले, वडिलांना बोलावून घे. म्हणजे काय ते उघड होतं.

आमचे नाना मनमाड लाइनवरच्या एका लहान स्टेशनचे मास्तर. ते आदल्या दिवशी दुपारी आले, ड्यूटी संपवून तसेच गाडीत बसलेले. हातात नेहमीची खाकी पिशवी, तिच्यात आईनं दिलेले तिळाचे लाडू. सरांनी त्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की मुलीचा हात चांगला आहे, डोकं चांगलं आहे, पण वाट बघायची वेळ आली की ती परत फिरते. असा वैमानिक मला नको.

नानांनी चहा बशीत ओतला. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून स्टेशनचं सांगायला लागले. ते तसेच. अवघडले की स्टेशनवर यायचे. त्यांनी सांगितलं, आमचं क्वार्टर फलाटाला लागून. लाइन मोकळी नसली तर सिग्नल द्यायचा नाही, मग मेल असो की मालगाडी, ती आउटरला, म्हणजे स्टेशनबाहेरच्या सिग्नलपाशी, उभी राहते. ड्रायव्हर शिट्ट्या मारतो, पॅसेंजर शिव्या घालतात, पण सिग्नल पडला नाही तर गाडीनं तसूभर हलायचं नाही. आणि ही आमची कुंदा लहानपणी दारात बसून ते बघायची. आउटरला गाडी उभी राहिली की जेवायची नाही, म्हणायची, आधी तिला सोडा.

सरांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "टॉवर गप्प बसला की तुला काय वाटतं? खरं सांग."

मी सांगितलं. आपल्याला आउटरला उभं केलंय असं वाटतं. पण विमानाला उभं राहता येत नाही. मग जिथे गोल फिरत राहता येतं तिथे मी परत जाते.

बोलून झाल्यावर मलाच धक्का बसला. इतके दिवस हे माझ्या आत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सर मोठ्यानं हसले. रागावलेले सर मला परवडले असते, हसलेले बघून मला रडूच यायला लागलं.

"मास्तर," ते नानांना म्हणाले, "तुमच्या गाडीला ब्रेक आहे, हिच्या गाडीला नाही. तुमच्याकडं सिग्नल नाही म्हणजे लाल. वर तसं नसतं. धिवरे, ऐक. शेवटचा शब्द काय होता? सरळ. मग दुसरा शब्द येईपर्यंत सरळ हाच तुझा हिरवा. मध्ये कितीही गप्प बसू दे त्याला."

नानांना ते पटलेलं दिसलं नाही. ते हळूच म्हणाले, "पण साहेब, दाखवणारा माणूस समोर दिसत नसताना?"

"दिसत नसतानाच," सर म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, "उद्या सकाळी एकटी जा. हे शेवटचं."

तर ती सकाळ ही. सोनटक्क्यांचं इंग्रजी वाक्य मी जसंच्या तसं त्यांना परत म्हणून दाखवलं, तसा नियमच असतो, आणि इंजिनाला पूर्ण जोर दिला. सेसना धडधडत पळालं, हलकं झालं, आणि जमीन सुटली.

एरवी वळायची जागा आली. धावपट्टीच्या टोकापलीकडची कापसाची जिनिंगची गिरणी, तिच्या पत्र्यावर ऊन. तिथे माझा डावा खांदा आपोआप झुकला. मी तो सरळ केला. डावीकडे बघायचंच नाही असं मी ठरवून टाकलं, कारण डोळे गेले की हात जातो हे मला ठाऊक झालं होतं. (हे चूक होतं. वैमानिकानं चहूकडे बघायचं असतं. पण त्या दिवशी माझी मती तेवढीच चालली.) समोर बघायचं, होकायंत्र बघायचं, उंची बघायची. सर्किटची उंची आली. ती ओलांडली. त्या दिशेला, एकटीनं, मी यापूर्वी कधी एवढं वर गेले नव्हते.

हेडफोनमध्ये काही नाही. नुसती खरखर.

मी एकदा बोलून पाहिलं, की मी अजून सरळच आहे, वर चढते आहे. लगेच उत्तर आलं, एकच शब्द, "कंटिन्यू." पुन्हा खरखर. मी मनात सोनटक्क्यांना ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. माणूस सज्जन होता, चांगला जाड भिंगाचा चष्मा लावणारा, नवरात्रात सगळ्या विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलावणारा. पण त्या क्षणी तो मला वैरी वाटला. विसरला असेल. चहा पीत असेल. मुद्दाम छळत असेल, सरांनी सांगितलं असेल त्याला. आणि त्यातच पुढं गावाबाहेरची ती लांबट टेकाडं आली, ती पोटाखालून गेली. मागे वळून पाहिलं असतं तर आता विमानतळ दिसला नसता.

तिथे माझे पाय खरोखर लटपटायला लागले. पायाखाली सुकाणूचे पेडल असतात, तेही थरथरायला लागले, विमान नाक हलवायला लागलं. परत जा, परत जा, असं सगळं अंग म्हणत होतं. मी मोठ्यानं बोलायला लागले, इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतंय. "सरळ. शेवटचा शब्द सरळ." शेतं संपली, माळ लागला, एक कोरडा ओढा गेला, एक अनोळखी गाव गेलं. मी तेच म्हणत राहिले. गंमत अशी की म्हणता म्हणता पाय थांबले. आपण पुढं जातोय, आणि काही होत नाहीये, हे कुठेतरी पायांना कळलं असावं.

आणि मग सोनटक्के बोलले. इतके महिने त्यांच्या तोंडून टॉवरवर इंग्रजीशिवाय एक अक्षर मी ऐकलं नव्हतं. ते मराठीत बोलले, हळू आवाजात, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसे.

"डावीकडे बघा, मॅडम. वळू नका, नुसतं बघा."

मी मान वळवली.

आधी मला वाटलं धूर आहे. वीटभट्टीचा असतो तसा, खालपासून वरपर्यंत एक राखाडी खांब, माझ्या खांद्याच्या जरा मागे. मग तो खांब फिरताना दिसला. सबंध खांबच्या खांब सावकाश फिरत होता, आणि फिरता फिरता एका बाजूनं उन्हात चमकत होता, पुन्हा विझत होता. आणि मग मला पंख दिसले.

कांड्या करकोचे होते ते. दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून आमच्या भागात येतात, पहाटे हरभऱ्याच्या रानात उतरतात आणि ऊन तापलं की वर चढणाऱ्या हवेवर बसून धरणाकडे परत जातात. लहानपणापासून मी ते खालून पाहिले होते. आभाळात ठिपके, एवढंच. त्या दिवशी मी त्यांच्या उंचीवर होते. हजारोंनी होते. खालचे अजून जमिनीजवळ पंख मारत होते, मधले पंख पसरून नुसते फिरत होते, वरचे माझ्याही पुष्कळ वर होते. लांब मान पुढे ताणलेली, काळी. पाय मागे ताणलेले. एकाचाही दुसऱ्याला धक्का लागत नव्हता. माझ्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. श्वास घ्यायचं सुचेना. मी तेवीस वर्षांची होते आणि मला वाटलं, एवढं बघायला मिळालं, आता नाव कमी केलं तरी चालेल.

आणि खरी गोष्ट पुढंच होती. त्या खांबाच्या अगदी वरच्या टोकाला एक पक्षी फिरायचा थांबला. पंख तसेच पसरलेले ठेवून तो सरळ निघाला. त्याच्या मागे दुसरा. मग तिसरा. वर पोचेल तो गोल सोडत होता आणि आधीच्याच्या मागोमाग रेषेत लागत होता. घाई नाही, रेटारेटी नाही. ज्याची उंची झाली नव्हती तो फिरतच होता. त्यांची रांग माझ्या शेपटीमागून, वरून, दक्षिणेला धरणाकडे जायला लागली. डाव्या काचेतून सुरू झालेली ओळ मागच्या काचेतून गेली आणि उजव्या काचेत आली, आणि संपेचना. अख्खं आभाळ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधून काढलं. इतके महिने सर जे फळ्यावर खडूनं काढून शिकवत होते, ते माझ्यासमोर हजारो वेळा चाललं होतं. उंची होईपर्यंत फिरायचं, आणि मग सोडायचं. सोडायचं म्हणजे सोडायचं, मागे बघायचं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. पुसावंसंही वाटत नव्हतं.

विमान किती वेळ सरळ गेलं कोण जाणे. शेवटचे पक्षी उजवीकडे गेल्यावर हेडफोन खरखरला.

"डावं वळण मंजूर," सोनटक्के म्हणाले, पुन्हा त्यांच्या नेहमीच्या कोरड्या इंग्रजीत.

मी वळले. टेकड्यांवर गेले, सांगितलेले सराव केले, आणि टॉवरला विचारून परत आले. उतरले तेही बरं उतरले असावे, कारण सर त्याबद्दल काही बोलले नाहीत.

सर विमानापाशी उभे होते. मी खाली उतरले, त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तोंड धू. सोमवारपासून तुला लांबच्या उड्डाणांना घालतो." जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सोनटक्केही टॉवरवरून खाली आले, गळ्यात दुर्बीण तशीच. मी त्यांना जरा घुश्शातच विचारलं की पक्षी आहेत एवढं आधी सांगायला काय झालं होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "पक्षी म्हटलं की नवं माणूस पक्षी बघतं, आणि बघता बघता तिकडंच जातं. ते तुमच्या वाटेत चढत होते. तुम्हाला त्यांच्या पुढं काढायचं होतं. म्हणून सरळ." मग जरा थांबून म्हणाले, "वळाल असं वाटलं होतं मला. माईक तोंडापाशी धरूनच बसलो होतो."

मी वळले असते तर काय झालं असतं हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. त्या फिरत्या खांबात माझं पत्र्याचं विमान. सरांनी कुंपणाकडे बोट केलं. "आधी मास्तरांना भेट. सकाळपासून तिथून हललेले नाहीत."

विद्यार्थ्यांच्या खोलीच्या व्हरांड्यात एक स्पीकर लावलेला होता, टॉवरचं बोलणं त्यावर ऐकू यायचं. नाना त्याच्याच पुढे, तारेच्या कुंपणाला लागून उभे होते. पाठ माझ्याकडे, तोंड पूर्वेला, जिकडे मी गेले होते तिकडे. उजवा हात खांद्याच्या वर धरलेला आणि त्या हातात हिरवी झेंडी.

ती त्यांच्या पिशवीतलीच. ड्यूटीवरून तसेच आले होते ना.

मी हाक मारली तेव्हा ते दचकले, वळले, आणि चोरी पकडल्यासारखं हसले. हात मात्र वरच राहिला.

"नाना, हे काय? एवढ्या लांबून मला काय दिसणार होतं?"

"नव्हतंच दिसणार. ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "पण तो माणूस बोलायचाच थांबला. तू आपली एकटी पुढं पुढं चाललेली. आणि त्या बाजूला ते सगळे पक्षी उठलेले. कुणीतरी दाखवायला नको?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"सबंध नोकरीत गाड्या थांबवल्या, कुंदे," नाना म्हणाले. "आज म्हटलं, ही थांबू नये."

"पण मी परत आले, उतरलेसुद्धा. अजून कशाला धरलीय?"

"गाडी नजरेआड होईपर्यंत झेंडी खाली घ्यायची नसते," ते म्हणाले. "तू नजरेआड झालीस, तरी मला घेववेना."

त्यांचा हात आखडून बसला होता. मी तो धरून हळूहळू खाली आणला, झेंडी काठीला गुंडाळली आणि पिशवीत लाडवांच्या डब्याशेजारी ठेवली. जेवताना त्यांना घासही नीट उचलता येत नव्हता, डाव्या हातानं जेवले. संध्याकाळी त्यांना गाडीत बसवून द्यायला मी स्टेशनवर गेले. सिग्नल पडला, गाडी सुटली, नाना खिडकीतून डावा हात हलवत राहिले. मी फलाटाच्या टोकाला हात वर करून उभी होते. शेवटचा डबा वळणावर दिसेनासा झाल्यावरही मी बराच वेळ हात खाली घेतला नाही.